उजव्या बाजूला लावायची पदकं

पदकं पोस्टानं आली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला विधवा होऊन सहा वर्षं होत आली होती.

आमचं गाव निमोण्यापासून दोन कोसांवर. पोस्टमन आठवड्यातून दोनदा सायकलवरून यायचा. त्या दिवशी त्यानं मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हातात साबणाच्या वडीएवढा एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला. खोक्यावर इंग्रजीत टाइप केलेलं नाव माझं होतं. माझ्या नावानं आलेली ती आयुष्यातली पहिली वस्तू. मामंजींनी ती ओसरीवर बसून उघडली. मी दाराआड उभी होते.

आत कागदाच्या पुड्यांत चार पदकं निघाली. दोन तांब्याच्या रंगाची, सहा टोकांच्या चांदण्यांसारखी. दोन गोल, रुपयापेक्षा मोठी, त्यांवर मुकुट घातलेल्या इंग्रज राजाचं तोंड. एका गोल पदकाच्या पाठीवर एक सिंह दोन डोक्यांच्या जनावरावर पाय देऊन उभा होता. दुसऱ्याच्या पाठीवर हिंदुस्थानचा नकाशा होता, फाळणीच्या आधीचा, अखंड. रंगीत फिती वेगळ्या घड्या करून ठेवल्या होत्या. कुठली फीत कुठल्या पदकाला, ते कुणालाच कळेना. शेवटी मामंजी शिरूरच्या शिंप्याकडे गेले आणि त्यानं आपल्या अंदाजानं त्या फिती पितळी पट्टीवर शिवून दिल्या.

माझा नवरा लढाईत बोटीवर होता. तेराव्या वर्षी माझं लग्न झालं तेव्हा तो आठ दिवसांच्या रजेवर आला होता. नंतर एकदा महिनाभर आला. आमचा संसार तेवढाच. उंच होता, हातांवर भाजल्याचे पांढरे डाग होते आणि उन्हाळा असो की थंडी, तो अंगणातच बाज टाकून झोपायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "बोटीवर तुम्ही काय करता?" तर हसून म्हणाला, "आमी खाली असतो. बॉयलरवर. वर समुद्र हाय का जमीन हाय, ते आमाला कळत न्हाई." मग त्यानं बोटं वाकवून, चाक फिरवून आगीत तेल कसं सोडतात ते दाखवलं. तो गेल्यावर त्याची कार्डं यायची, ती मामंजींच्या नावानं. शेवटची ओळ ठरलेली असायची, घरी सर्वांस नमस्कार. त्या 'सर्वांस'मध्ये मी आहे असं मी धरून चालायची.

मग तार आली. तारेमागून इंग्रजी पत्र आलं. ते पत्र घेऊन मामंजी शिरूरला एका वकिलाकडे वाचून घ्यायला गेले आणि संध्याकाळी परत आले ते ओसरीवर बसूनच राहिले. गाव गोळा झालं तेव्हा त्यांनी सांगितलं, "तोफेवर हुता. बोट बुडत हुती तरी तोफ सोडली न्हाई. बोटीसंगं गेला." मी पंधरा वर्षांची होते. बॉयलरवरचा माणूस तोफेवर कसा गेला, हा प्रश्न मला त्याही दिवशी पडला. पण तो विचारायचा कुणाला? मृतदेह नव्हता, तेव्हा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला.

पदकं आल्यावर सुरुवातीची दोनेक वर्षं गावात कुणी त्यांना फारशी किंमत दिली नाही. "इंग्रजाची बिल्लं," असं पारावर कुणीतरी म्हणालं, ते मामंजींच्या जिव्हारी लागलं. त्यांनी पट्टी देवघरात ठेवली. रोज सकाळी देवांबरोबर पदकांनाही ते हळदीकुंकू वाहायचे. देवघर सारवायचं काम माझं. पदकांच्या फितीवर सांडलेलं कुंकू मी ओल्या फडक्यानं टिपून काढायची आणि बोटाला लागलेलं लगेच धुऊन टाकायची. माझ्या कपाळाला ते चालणार नव्हतं.

मग शिरूरला मामलेदार कचेरीत झेंडावंदनाला लढाईत गेलेल्यांच्या घरच्यांना बोलावणं आलं. मामंजींनी मला सजवून नव्हे, पण नीटनेटकं व्हायला सांगून नेलं. पांढऱ्या लुगड्याच्या पदरावर, डाव्या बाजूला, त्यांनी माझ्या थोरल्या जावेकरवी ती पट्टी टाचली. चार पदकांचं वजन फार नसतं, पण सुती पदर त्यानं खाली ओढला जातो. सारखा एक हात वर धरावा लागतो. टाचणी चोळीतून आत टोचत होती. पहिल्या रांगेत खुर्ची होती. मी खुर्चीवर बसायची ती पहिली वेळ, आणि मामंजी उभे राहून सांगत होते, "ह्यो माझा पोरगा. तोफेवर हुता."

त्या दिवसापासून मी अडकले. दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

आमच्याकडे विधवेला बंधनं होतीच, ती मला नवी नव्हती. पण इतर विधवा निदान विसरल्या जायच्या. शेतावर जायच्या, बाजारात माळवं घेऊन बसायच्या, भांडायच्या. मला ते नव्हतं. मामंजी म्हणायचे, "तुज्या अंगावर सरकारची पदकं हायेत. लोकं बगत्यात." म्हणून मी खुरपायला जायचं नाही. विहिरीवर जावेशिवाय जायचं नाही. चुलत नणंदेच्या लग्नात मांडवात बायका उखाणे घेत होत्या आणि एकीचं यमक असं काही फसलं, की मला हसू आवरेना. मामंजींनी ओसरीवरून नुसतं पाहिलं. रागावले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "त्यो तोफेवर जळला आन् तू दात काडतीस."

माझं माहेर कवठे येमाईचं. माझ्या वडिलांनी एक स्थळ पाहिलं होतं. बायको वारलेले एक शिक्षक, विधवेशी लग्न करायला तयार. वडील त्यासाठी मुद्दाम आले. मामंजींनी त्यांना पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि देवघरातून पट्टी आणून त्यांच्यासमोर ठेवली. "व्याही, सरकारच्या दप्तरात ती त्याची बायको हाय. ही पदकं तिच्या नावानं आल्यात. उद्या दुसऱ्याची झाली, तर ही कुणाची?" मला कुणी विचारलंच नाही. वडील निघताना मी गोठ्याजवळ त्यांना गाठलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठ्या घरची झालीस बाई. नीट ऱ्हा."

मला वाचायचा नाद होता. पाचवीपर्यंत शिकले होते. जावेच्या मुलीची पुस्तकं मी तिच्याआधी संपवायची. गावच्या शाळेचे गुरुजी वयस्कर होते. त्यांनी मला एकदा तिची चुकलेली गणितं सोडवताना पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही फायनलला बसा. बाहेरून बसता येतं. सातवी झालात तर मास्तरीण व्हाल, शाळा बोर्डाला बायका मिळत नाहीत." त्या काळी सातवीच्या परीक्षेला फायनल म्हणत आणि ती पास झालेल्याला शाळेत नोकरी मिळे. गुरुजींनी मामंजींकडे शब्द टाकला. मामंजी म्हणाले, "मास्तरीण म्हंजी दहा गावची धूळ. सुभेदाराच्या बायकूनं कवा नोकरी केलीय?" माझा नवरा सुभेदार नव्हता, बोटीवर तसा हुद्दाही नसतो. पण तोवर मामंजींच्या सांगण्यात तो बराच वर चढला होता.

गुरुजींनी तरी पुस्तकं पाठवली. मी ती धान्याच्या कणगीमागे ठेवायची आणि दुपारी सगळे शेतावर गेले की वाचायची. मामंजींच्या हुकमानं घर बाहेरून कडी लावून बंद असायचं. आत मी आणि देवघरातली पदकं.

असं चार वर्षं चाललं. झेंडावंदनं झाली, सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन झालं, शाळेच्या नव्या खोलीचं झालं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या रांगेत मी. "तोफेवर हुता" ही गोष्ट इतक्यांदा ऐकली, की माझ्या नवऱ्याचा खरा चेहरा मला आठवेनासा झाला. भाजल्याचे पांढरे डाग तेवढे आठवायचे.

मग दौंडला माजी सैनिकांचा मेळावा भरला आणि मामंजींना तिथलंही बोलावणं आलं. शिरूरहून एसटीनं आम्ही सकाळी पोचलो. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. हवेत कोळशाचा वास, आणि कुठूनतरी लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज सारखा येत होता. मेळावा शाळेच्या पटांगणावर होता. भाषणं, हार, पेढे झाले. मामंजींनी आपली गोष्ट सांगितली. लोक पांगत असताना तेलकट खाकी कपड्यांतला पस्तिशीचा एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पट्टीकडे पाहत होता.

"भाभी," तो हळूच म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. पण ही उजवीकडं लावायची असत्यात. डावीकडं लावायची ती ज्याची त्यानं. माणूस गेला तर घरच्यांनी उजवीकडं. आन् फिती चुकल्यात. ही लाल-नारिंगी निळी ब्रह्मदेशाच्या चांदणीची, ती शिंप्यानं दुसरीला लावलीय."

मामंजी पुढे झाले. "तुमी कोन?"

त्यानं हात जोडले. "हितंच लोको शेडला हाय, आबा. इंजनाचे बॉयलर दुरुस्त करतो. लढाईत बोटीवर हुतो." मग त्यानं माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. "एकाच बोटीवर हुतो आमी."

मामंजींनी त्याचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाला असं धरताना पाहिलं नव्हतं. शिरूरची एसटी संध्याकाळी होती. त्यानं आम्हाला आपल्या घरी नेलं. मुसलमानाचं घर म्हणून मामंजी दारात जरा थबकले, पण आले. त्याच्या बायकोनं अंगणात निंबाखाली बाज टाकली, धुतलेली चादर घातली. मामंजी बसल्याबरोबर म्हणाले, "सांगा आता. तोफेवरच हुता न्हवं माजा पोरगा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मामंजींच्या तोंडाकडे पाहिलं.

"व्हय आबा," तो म्हणाला. "तोफेवरच हुता."

मामंजींनी डोळे पुसले. थोड्या वेळानं ते बाजेवर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. मी पाणी शेंदायला म्हणून परसात गेले. तो माणूस तिथं हात धूत होता, कोपरापर्यंत राख लावून. मी पदर सावरला आणि विचारलं, "ते बॉयलरवर असायचे. मला स्वतः सांगितलं होतं. तोफेवर कसे गेले?"

त्याचे हात थांबले.

"तुमाला म्हाईत हाय तर," तो म्हणाला.

"एवढंच माहीत आहे. पुढचं तुम्ही सांगा."

त्यानं सांगितलं. उभ्याउभ्यानंच. मी ते इथं लिहिते आहे ते त्याच्या शब्दांत जितकं आठवतं तितकं. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ विमानानं बॉम्ब टाकला. तो बोटीवर पडला नाही, बाजूला पाण्यात पडला, पण बोटीची कूस फाटली. बॉयलरच्या खोलीत पाणी शिरायला लागलं. हा आणि माझा नवरा दोघं त्याच पाळीवर होते. याला वरून कसलंसं अवजार आणायला पाठवलं होतं, म्हणून हा शिडीच्या वरच्या टोकाला होता. वरून हुकूम आला, दार बंद करा. पाणी आत येणार नाही असं लोखंडी दार असतं, चाक फिरवलं की घट्ट बसतं. ते लावलं नसतं तर पाणी पुढच्या खोल्यांत गेलं असतं आणि सगळी बोट बुडाली असती.

"मी लावलं भाभी," तो म्हणाला. "माज्या हातानं. खाली तिघं हुते. मी हाक मारली, वर या, वर या. दोगं शिडीकडं पळाले, पर पाणी लई जोरात हुतं. त्यो बॉयलरपाशीच हुता, वाफ सोडत हुता. न सोडता तर बॉयलर फुटला असता. हुकूम दुसऱ्यांदा आला. मी चाक फिरवलं."

मी विचारलं, "मग?"

"मग ठोकत हुते. पान्यानं. लोखंडाच्या पान्यानं दारावर."

"किती वेळ?"

"न्हाई सांगता येत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "बोट बुडाली न्हाई. दुसऱ्या बोटीनं ओढत बंदरात नेली. पाणी उपसलं. दार उघडायला मलाच पाठवलं, त्याचं चाक कसं फिरतं ते मलाच ठावं म्हणून. तिथंच किनाऱ्यावर लाकडं रचून अग्नी दिला, भाभी. एक मद्रासी हुता, त्यानं मंत्र म्हणले. लाकडं मी लावली. त्यो पाण्यात न्हाई गेला. येवढं तुमाला सांगायचं हुतं मला, पर पत्ता नव्हता."

मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिले. शेडमधून हातोड्यांचा आवाज येत होता. मी न राहवून म्हटलं, "आणि तुम्ही बॉयलरचंच काम करता?"

"दुसरं काय येतंय मला?" तो म्हणाला. "दिसभर आत शिरून ठोकावं लागतं. बाहेर कुनीतरी उभं ऱ्हातं. मी आत जायच्या आदी त्याला सांगतो, दारापासनं हलू नगं." मग त्यानं सांगितलं, की त्याची स्वतःची पदकं आलीच नाहीत. लढाई संपल्यावर मुंबईला खलाशांचा संप झाला, त्यात तो होता, म्हणून काढून टाकलं. "आली असती तरी घेतली नसती मी. फितीतला तो गडद निळा पट्टा दिसला ना, की दार दिसतं."

परतीच्या एसटीत मामंजी खुशीत होते. "बग, साक्षीदार गावला," असं दोनदा म्हणाले. मी खिडकीच्या गजाला धरून बसले होते. गाडी कोंदट होती, माणसं खच्चून भरली होती, आणि मला पहिल्यांदा कळलं की तो अंगणात का झोपायचा.

त्यानंतर कित्येक दिवस मला घरात श्वास घेववेना. दुपारी बाहेरून कडी लागली की मी दारापाशी जाऊन बसायची. एके दिवशी मी आतून दारावर हात आपटत होते, ते जावेनं शेतातून येता येता ऐकलं. ती घाबरून धावत आली. "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही. उंदीर होता." तिचा विश्वास बसला नाही. पण त्या दिवसानंतर तिनं कधी बाहेरून कडी घातली नाही, आणि मामंजींना सांगितलंही नाही. तिचे उपकार मी विसरलेले नाही.

पुढचं झेंडावंदन आलं. सकाळी मामंजी पट्टी घेऊन आले. मी चुलीपाशी बसले होते.

"ऊठ. गाडी जुपलीय."

"मी येत नाही, मामंजी."

त्यांना वाटलं मला बरं नाही. मी उठून उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांकडे बघून बोलले. "ते तोफेवर नव्हते. ते बॉयलरवर होते. दार बंद केलं, आत ते राहिले. दौंडच्या भाईंनी मला सांगितलं. मला ती खोटी गोष्ट अंगावर घालून आता बसवत नाही."

ते ओरडतील याची मी वाट बघत होते. मामंजी ओरडले नाहीत. हातातली पट्टी त्यांनी पाटावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"मला ठावं हाय," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"वकिलानं समदं वाचून दाकवलं हुतं. बॉयलर रूम म्हनून लिवलं हुतं. पाणी शिरलं म्हनून. त्यानं मला बोटीचं चित्र काडून दाकवलं, हितं म्हनं." त्यांनी जमिनीवर बोटानं एक लांबट रेघ ओढली आणि तिच्या खाली टिंब दिलं. "वाटंनं येताना म्या ठरवलं. लोकांस्नी काय सांगू? माजा पोरगा खोलीत कोंडून मेला म्हनून?"

"सांगायचं. त्यात काय लाज आहे?"

"लाज त्याची न्हाई." ते म्हणाले. "भरती करनारे शिरूरच्या बाजारात आले तवा त्यो सतरा वर्षांचा हुता. न्हाई म्हनत हुता. त्याला पाण्याचं भ्या वाटायचं, नदीत बी उतरत नव्हता. म्या अठरा सांगितलं. म्या अंगटा दिला. पाटलाचं पोरगं पलटणीत गेलं हुतं, म्हनलं आपलं बोटीवर जाऊ दे."

चुलीत लाकूड फुटलं. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मामंजींचा मला इतकी वर्षं राग होता आणि आता राग कुठं ठेवावा ते कळेना.

"मला फायनलला बसू द्या," मी म्हटलं.

ते पट्टी उचलून एकटेच गाडीत बसून गेले. महिनाभर त्यांनी माझ्याशी एक शब्द उच्चारला नाही. मग एका सकाळी गुरुजी आले आणि म्हणाले, "फॉर्म भरायला तुमच्या सासऱ्यांनी मला पाठवलंय." मामंजी तेव्हा गोठ्यात बैलाचे खूर बघत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

परीक्षा शिरूरला होती. मी पहिल्या वेळी गणितात नापास झाले, दुसऱ्या वेळी पास. नोकरी लागली ती भांडगावला, दौंड तालुक्यात, सोलापूर रस्त्यावर. मामंजींनी जाताना एवढंच विचारलं, "ऱ्हाशील कुठं?" मी म्हटलं, "शाळेजवळ खोली बघितलीय." त्यांनी मान हलवली. गावात लोकांनी नावं ठेवली. मामंजी त्यांना काय म्हणाले ते मला ठाऊक नाही.

लगेच मी सुटले असं मी म्हणणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गाची खिडकी कुणी लावली तरी मी दचकायची. कुणाच्याही समोर पहिल्या रांगेत बसायला मला आजही आवडत नाही. पण माझं जेवण मी शिजवत होते, माझ्या मनानं हसत होते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा आवाज ऐकत दार उघडं टाकून बसत होते.

मला भांडगावला तीन-चार वर्षं झाली असतील. एका रविवारी मामंजी एसटीतून उतरले. वाकले होते, काठी आली होती. पाणी प्यायले आणि म्हणाले, "दौंडला त्या माणसाकडं जायचं हाय. चल माज्यासंगं."

आम्ही गेलो. तो घरीच होता. त्याच्या बायकोनं पुन्हा निंबाखाली बाज टाकली. मामंजी बसले आणि म्हणाले, "मागच्या बारीला तू माज्यासाटी खोटं बोललास. मला म्हाईत हुतं. आता खरं सांग. समदं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो जमिनीवर, मामंजींच्या पायाशी बसला आणि त्यानं सांगितलं. मला सांगितलं होतं तसंच, आणि मला न सांगितलेलं थोडं अधिकही, जे मी इथं लिहिणार नाही. मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. मध्ये एकदाही थांबवलं नाही. दाराचं चाक कसं फिरवलं हे सांगताना त्या माणसाचे हात आपोआप फिरले.

सांगून झालं.

"बोटीवर किती मानसं हुती?" मामंजींनी विचारलं.

"शंभराच्या वर हुतो, आबा."

"तुला लेकरं किती?"

"तीन हायेत. दोन पोरी, एक पोरगा."

"कुठं हायेत? बोलव."

त्यानं हाक मारली. तिघं घरातून आली, ओळीनं उभी राहिली, लाजत. धाकटीनं आईचा पदर धरून ठेवला होता. मामंजींनी एकेकाला नीट पाहिलं, एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या माणसाच्या खांद्यावर हात टेकून ते उठले. त्याच्या खांद्यावरचा तो हात त्यांनी लगेच काढला नाही.

"येतो," ते म्हणाले.

तो माणूस आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडीला वेळ होता. दोघं बाकावर शेजारी बसले आणि मामंजी त्याला विचारत राहिले. माझा पोरगा जेवायला काय खायचा, बोटीवर त्याला मित्र होते का, समुद्राची भीती गेली होती का. "गेली हुती आबा," तो म्हणाला. "पोहायला म्याच शिकवलं त्याला." मामंजींना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गाडी आली तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं, तेव्हा आम्ही ती सोडली आणि पुढच्या गाडीनं गेलो.